रेमडेसिविरचे दोन दिवस आणि तापाची तारीख

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६४ वर्षांचे. २०२१ च्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कोविडचा ताप आला. आठव्या दिवशी ऑक्सिजन ८६ वर गेला म्हणून ॲडमिट केलं. त्याच दिवशी डेक्सामेथासोन हे सूज आवरणारं स्टिरॉइड सुरू झालं. रेमडेसिविरच्या सहा बाटल्यांपैकी चार मिळाल्या, उरलेल्या दोनसाठी तुम्ही तीन जिल्हे फिरलात आणि मध्ये दोन दिवस डोस चुकला. मित्रांनी धावपळ करून प्लाझ्माच्या दोन पिशव्या आणल्या. २ मे रोजी वडील गेले. पंधरा दिवसांनी तुम्ही वाचलं की प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला. तेव्हापासून दोन प्रश्न तुमच्या डोक्यातून जात नाहीत: ते दोन दिवस चुकले नसते तर वडील वाचले असते का? आणि ज्याचा उपयोग नव्हता ते डॉक्टरांनी का दिलं? शिवाय आईंना मधुमेह आहे, पुन्हा साथ आली तर कोणाचं ऐकायचं, असंही तुम्ही विचारलं आहे.

आधी त्या दोन दिवसांबद्दल. नाही, त्या दोन दिवसांमुळे वडील गेले नाहीत. तुमचं मन राखायला मी हे म्हणत नाही, याला आधार आहे आणि तो पुढे देतो.

मी सत्तावीस वर्षं जिल्ह्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. २०२० च्या जूनपासून पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत कोविड वॉर्ड सांभाळला. तुमच्या फाईलमध्ये जी औषधं आहेत ती सगळी मीही लिहिली आहेत. काही योग्य वेळी लिहिली, काही लिहायला नको होती. त्यामुळे हे उत्तर बाहेरून बघणाऱ्याचं नाही.

या आजारात एक गोष्ट कळायला आम्हाला वेळ लागला आणि ती कळल्यावर बाकीचं बरंच उलगडलं. कोविड हा एकामागून एक येणारे दोन आजार असल्यासारखा वागतो. पहिले पाच-सात दिवस विषाणू वाढत असतो. ताप, अंगदुखी, खोकला, वास जाणं हे सगळं तेव्हाचं. बहुतेकांचं शरीर त्याला आवरतं आणि गाडी तिथेच थांबते. काहींच्या बाबतीत सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दुसरा टप्पा सुरू होतो. तोवर विषाणू उतरणीला लागलेला असतो, पण त्याच्याविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारयंत्रणाच भडकते आणि फुप्फुसांना सूज आणते. ऑक्सिजन कमी होतो तो या टप्प्यात. म्हणून वॉर्डात आल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "ताप नक्की कुठल्या दिवशी आला?" घरच्यांना तारीख आठवत नसे. मग पाडव्याच्या आधी की नंतर, बाजाराच्या दिवशी की दुसऱ्या दिवशी, असं करत करत आम्ही दिवस मोजायचो. विषाणूवरचं औषध पहिल्या टप्प्यात द्यायचं, सूज आवरणारं दुसऱ्या टप्प्यात. उलटं केलं तर पहिलं वाया जातं आणि दुसरं घात करतं.

रेमडेसिविर हे विषाणूची वाढ रोखणारं औषध. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या १,०६२ रुग्णांच्या चाचणीत रेमडेसिविर मिळालेल्यांतले निम्मे १० दिवसांत सुधारले, न मिळालेल्यांतले निम्मे १५ दिवसांत. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या हातात होता तो याच चाचणीच्या प्राथमिक आकड्यांचा पुरावा, आणि तो खोटा नव्हता. पण त्यात मृत्यू कमी झाल्याचं ठामपणे सिद्ध झालं नव्हतं. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीचे पहिले आकडे ऑक्टोबर २०२० मध्ये आले. तीस देशांतली ४०५ रुग्णालयं त्यात होती. भारतातलं काम भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने पाहिलं होतं, म्हणजे हा पुरावा काही फक्त परदेशातून आलेला नव्हता. रेमडेसिविर मिळालेल्या २,७४३ पैकी ३०१ जण दगावले, न मिळालेल्या २,७०८ पैकी ३०३. दोन्हीकडे शंभरात अकरा. २० नोव्हेंबर २०२० रोजी संघटनेने दाखल रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला दिला. पुढे मे २०२२ मध्ये अंतिम आकडे आले, त्यात ऑक्सिजनवर असलेल्या पण व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांत थोडा फायदा दिसला: शंभरात १६.३ मृत्यूंऐवजी १४.६. व्हेंटिलेटरवरच्यांना काहीच नाही.

आता हा आकडा तुमच्या दोन दिवसांना लावून बघा. सगळा कोर्स वेळेवर, एकही डोस न चुकता मिळाला तरी फरक शंभरात दोनाहून कमी. तुमच्या वडिलांना सहापैकी चार बाटल्या सलग मिळाल्या होत्या, आणि त्याही तापाच्या नवव्या दिवसानंतर, म्हणजे या औषधाचा हंगाम सरत आला होता तेव्हा. मधल्या दोन डोसांच्या खाड्याने पारडं फिरलं असं म्हणायला कुठलाही आधार नाही. हेच औषध सात दिवसांच्या आत, अजून दाखल करायची वेळ न आलेल्या पण जोखीम असलेल्या लोकांना तीन दिवस दिलं, तेव्हा दाखल होण्याची वेळ २८३ पैकी १५ जणांवरून २७९ पैकी दोघांवर आली. हा निकाल २०२१ च्या अखेरीस छापून आला. तोवर आपली दुसरी लाट होऊन गेली होती. औषधात दम होता, तो पहिल्या आठवड्यात होता, आणि आम्ही ते दुसऱ्या आठवड्यात मागत होतो.

एप्रिल २०२१ मधला माझा फोन मला अजून आठवतो. रात्री दोन-अडीचला मुलगे फोन करत, "डॉक्टर, एक बाटली मिळतेय, पंचवीस हजार म्हणतोय, घेऊ का?" सरकारने निर्यात बंद केली होती, छापील किमती उतरवल्या होत्या, तरी बाजारात औषध नव्हतं. मी काय सांगायला हवं होतं? "तेवढे पैसे ठेवा, त्यापेक्षा वडिलांना पालथं झोपवायला वॉर्डात आम्हाला माणूस हवा आहे." काहींना सांगितलं. काहींना नाही सांगू शकलो, कारण दुसऱ्या दिवशी रुग्ण गेला तर तो मुलगा जन्मभर मला आणि स्वतःला माफ करणार नाही हे दिसत होतं. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून तुमच्या हातात दिली तेव्हा त्यांच्याही मनात हेच असावं. त्या चिठ्ठ्यांनी घरच्यांना पळायला लावलं आणि प्रत्येक अपयशाचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलं. ते आमच्याकडून चुकलं, असं मला मनापासून वाटतं.

प्लाझ्माची गोष्ट वेगळी आहे, आणि तिचा मला जास्त त्रास होतो, कारण त्याचं उत्तर आपल्याच देशाने सगळ्यांच्या आधी शोधलं होतं. कल्पना जुनी आणि पटण्यासारखी: बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणूविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असतात, त्या आजारी माणसाला द्यायच्या. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २२ एप्रिल ते १४ जुलै २०२० या काळात ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर 'प्लासिड' चाचणी केली. चिठ्ठी टाकून दोन गट पाडले. एका गटाला २०० मिलिलिटरच्या दोन पिशव्या चोवीस तासांच्या अंतराने, दुसऱ्याला नेहमीचे उपचार. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के गंभीर झाले किंवा दगावले, न मिळालेल्यांपैकी १८ टक्के. फरक नाही. नीट वाचलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. प्लाझ्मा मिळालेल्यांची धाप आणि थकवा सातव्या दिवशी थोडा जास्त उतरलेला होता, विषाणूचा रिपोर्टही जास्त जणांचा निगेटिव्ह आला होता. म्हणजे खाटेशेजारी उभं राहून बघणाऱ्याला 'गुण आला' असंच वाटलं असतं. मृत्यू मोजल्यावरच कळलं की जीव वाचत नाहीत. बहुतेक रुग्णांच्या रक्तात आधीच स्वतःच्या अँटिबॉडी होत्या, त्यात बाहेरून आणखी घालून फारसं काय होणार होतं!

हे ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आलं. नोव्हेंबरात आयसीएमआरने प्लाझ्मा सरसकट वापरू नका अशी सूचनाही काढली. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने प्लाझ्माच्या गटात नवे रुग्ण घेणं थांबवलं. त्यांचे रुग्ण साडेअकरा हजार, आणि मृत्यू दोन्ही गटांत २४ टक्के. तरीही राष्ट्रीय उपचार सूचनांमध्ये प्लाझ्मा 'काही ठरावीक परिस्थितीत विचार करता येईल' या रकान्यात राहिला तो १७ मे २०२१ पर्यंत. त्याआधी काही दिवस देशातल्या डॉक्टरांनी आणि शास्त्रज्ञांनी सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांना पत्र लिहून हा वापर थांबवायची विनंती केली होती. तुमच्या वडिलांना प्लाझ्मा मिळाला तो या सात महिन्यांच्या फटीत.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. एप्रिल २०२० मध्ये प्लाझ्मा देणारा डॉक्टर अंधारात चाचपडत होता आणि त्याला दोष देता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये माहिती उपलब्ध होती. 'विचार करता येईल' हे शब्द वॉर्डात येईपर्यंत 'दिलंच पाहिजे' झाले होते. रक्तपेढ्यांसमोर रांगा होत्या, व्हॉट्सॲपवर दात्यांची आवाहनं फिरत होती, आणि जो डॉक्टर नको म्हणेल तो प्रयत्न करत नाही असा समज होता. सूचना बदलत गेल्या म्हणून लोक आमच्यावर चिडले. माझी तक्रार त्याउलट आहे. त्या वेळेवर बदलल्या नाहीत, आणि बदलल्या तरी खालपर्यंत पोचल्या नाहीत.

आता डेक्सामेथासोन. तुमच्या फाईलमधलं सगळ्यात स्वस्त औषध हेच असेल, बिलाच्या कागदावर शोधावं लागेल इतकं स्वस्त. जीव वाचवल्याचा पक्का पुरावा मिळालेलं पहिलं औषधही हेच.

२०२० च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता की या आजारात स्टिरॉइड नेहमीसाठी देऊ नका. त्यालाही कारण होतं. फ्लू, सार्स, मर्स या आजारांतल्या नोंदींवरून स्टिरॉइडने विषाणू जास्त दिवस रेंगाळतो असं दिसलं होतं. मग ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी रिकव्हरी चाचणी उभी केली. मार्च २०२० मध्ये पहिला रुग्ण घेतला आणि तीन महिन्यांत १७५ हून अधिक सरकारी रुग्णालयांतून साडेअकरा हजार रुग्ण जमवले. दमलेल्या डॉक्टरला भरता येईल एवढाच लहान फॉर्म, संगणकाने टाकलेली चिठ्ठी, आणि अठ्ठावीस दिवसांनी एकच प्रश्न: माणूस जिवंत आहे का? १६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३ वर. आणि ज्यांना ऑक्सिजन लागलाच नव्हता त्यांच्यात? १४ टक्क्यांवरून १७.८. हा तिसरा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, पण फायद्याचा मागमूस नव्हता आणि नुकसानीची शंका होती.

या तीन ओळी मी माझ्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवल्या होत्या. त्याच महिन्याच्या २७ तारखेला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांत डेक्सामेथासोन आलं. अकरा दिवसांत! हवं तेव्हा हे जमतं. पण पहिल्या दोन ओळी गावोगावी पोचल्या आणि तिसरी वाटेत गळाली.

मे २०२१ मध्ये एक बावन्न वर्षांच्या बाई आल्या. ताप येऊन साडेतीन आठवडे झाले होते. तापाच्या दुसऱ्याच दिवशी कोणीतरी फुप्फुसांचा सिटी स्कॅन करायला लावला होता. तेव्हा सगळीकडे एकच भाषा होती, 'स्कोर किती आला?', म्हणजे फुप्फुसाला किती लागण झाली त्याचा आकडा. त्यांचा आला होता पंचवीसपैकी सहा. ऑक्सिजन ९७. दाखल व्हायची गरज नव्हती, आणि घरच्या घरी घ्यायच्या कागदावर स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, दिवसातून दोनदा, किती दिवस ते लिहिलेलं नव्हतं. पूर्वी साखर कधी तपासली नव्हती. माझ्याकडे आल्या त्या वरच्या दाढा दुखतात म्हणून, आणि गालावर हात फिरवला तर बधिर लागतो म्हणून. बोटाला सुई लावली. ग्लुकोमीटरवर आकडा आलाच नाही, नुसतं 'हाय' असं आलं, म्हणजे यंत्राला मोजता येणार नाही इतकी साखर. मी त्यांना तोंड उघडायला सांगून टॉर्च मारला. टाळूवर डाव्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग होता, कडेला राखाडी. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी त्याच रात्री नाकातला आणि सायनसमधला मेलेला भाग काढला. अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या बाटल्यांसाठी पुन्हा तीच पळापळ. बाई वाचल्या. डावा डोळा वाचला नाही.

त्या वर्षी देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी २,८२६ म्युकर रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांतल्या ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टिरॉइड मिळालेलं होतं. यातल्या कित्येकांना ऑक्सिजनवर असताना स्टिरॉइड मिळालं असेल, आणि ते योग्यच होतं. पण साखर न मोजता, दिवस न मोजता, ऑक्सिजन न पाहता दिलेल्या गोळ्यांनी काय केलं ते मी टॉर्चच्या उजेडात पाहिलं आहे. डोस वाढवूनही फारसं हाती लागत नव्हतं. सहाऐवजी बारा मिलिग्रॅम द्यावं का, हे तपासणाऱ्या चाचणीत भारतातली रुग्णालयंही होती, आणि त्यात ठोस असा जास्तीचा फायदा सिद्ध झाला नाही. आपल्याकडे तर त्याच्याही पलीकडचे डोस चालत होते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही 'कोणाचं ऐकायचं' असं विचारलं आहे. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधून एक अभ्यास आला. औषध दिलेले रुग्ण २६, त्यातले सहा हिशेबातून वगळले. का वगळले? तिघं अतिदक्षता विभागात गेले, एक दगावला, एक मळमळ झाली म्हणून थांबला, एक घरी गेला. ज्यांचं बिघडलं त्यांना बाजूला काढून उरलेल्या वीस जणांवर यश मोजलं. तो लेख २०२४ च्या डिसेंबरमध्ये मागे घेतला गेला. आपल्याकडे मात्र त्याच मार्चमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांनी हे औषध प्रतिबंधासाठी घ्यावं अशी सूचना निघाली, मीही सात आठवडे घेतलं. मग मे महिन्यात नेमकं उलटं झालं. एका नामांकित नियतकालिकात ९६ हजार रुग्णांचा अभ्यास आला की या औषधाने मृत्यू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने तेवढ्यावर आपल्या चाचणीतला तो गट थांबवला. तेरा दिवसांत तो लेखही मागे घ्यावा लागला, कारण मूळ नोंदी कोणाला दाखवताच येईनात. एक अभ्यास औषधाच्या बाजूचा, एक विरुद्ध, दोन्ही टाकाऊ. खरं उत्तर ५ जूनला रिकव्हरीतून आलं: औषध मिळालेल्यांत २७ टक्के मृत्यू, न मिळालेल्यांत २५. उपयोग नाही.

आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाचंही वळण तेच. प्रयोगशाळेतल्या बशीत विषाणू मेला, पण बशीत जेवढं औषध घातलं होतं तेवढं माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसने येतच नाही. तरी मे २०२१ मध्ये गोव्यात अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला पाच दिवस हे औषध द्यायचं सरकारने जाहीर केलं. ज्या इजिप्तच्या अभ्यासावर बरीच भिस्त होती तो जुलैत मागे घेतला गेला. लंडनमधल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने त्याचे कच्चे आकडे उघडून पाहिले, तेव्हा गडबड उघड झाली: काही रुग्णांच्या नोंदी जशाच्या तशा पुन्हा चिकटवलेल्या होत्या. पुढे ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर नीट चाचणी झाली, त्यात दाखल होण्याचं प्रमाण ठोसपणे कमी झालं नाही.

मग लोकांना आणि आम्हालाही गुण येतो असं का वाटे? कारण घरी राहिलेले बहुसंख्य रुग्ण औषधाशिवायही बरे होणारच होते. पाचव्या दिवशी गोळी दिली, सातव्या दिवशी ताप उतरला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. माझ्या वॉर्डात अमुक औषधाने नव्वद टक्के बरे झाले, असं मी स्वतः २०२० मध्ये सहकाऱ्यांना सांगितलं आहे. त्या औषधाशिवाय किती बरे झाले असते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते न ठाऊक असताना त्या नव्वदला काही किंमत नव्हती. चिठ्ठी टाकून गट पाडायचे ते याचसाठी. कोणाला औषध द्यायचं हे डॉक्टरच्या मनावर राहिलं की नकळत तरणाबांड, बरा होईलसा रुग्ण एका गटात जातो, खंगलेला दुसऱ्यात.

आपल्याकडे लाखो लोकांना ही औषधं दिली गेली. त्यातल्या विसातल्या एकाला जरी चिठ्ठी टाकून दिली असती, फॉर्मची एक बाजू भरून घेतली असती, तर २०२० ची दिवाळी येईपर्यंत आपल्या वॉर्डांनीच आपल्याला उत्तर दिलं असतं आणि दुसऱ्या लाटेत तुमच्यासारखी मुलं रात्री-बेरात्री तीन जिल्हे फिरली नसती. प्लासिडने हे भारतात करता येतं हे दाखवलं होतं. जिल्हा पातळीवर ते झालं नाही, मीही केलं नाही, आणि पुढच्या साथीसाठी माझा सगळ्यात मोठा आग्रह हाच आहे. तसा फॉर्म आमच्या रुग्णालयात आता तयार आहे.

ज्या गोष्टींना कोणी रांगा लावल्या नाहीत त्यांनी खूप लोक वाचवले. ऑक्सिजन वेळेवर. रक्त गोठू नये म्हणून हेपारिनचं इंजेक्शन. जागेपणी पालथं झोपणं. पोटाखाली एक उशी, छातीखाली एक, मान एका कुशीला, आणि शेजारी बसून पाठीवर हात ठेवणारं कोणी असेल तर दोन तास माणूस तसा राहतो. सहा देशांतल्या अकराशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत यामुळे नळी घालायची वेळ येणं किंवा मृत्यू हे मिळून ४६ टक्क्यांवरून ४० वर आलं. आणि घरच्या घरी करायची सहा मिनिटांची चाल: बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा लिहायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, पुन्हा आकडा बघायचा. तीन-चारने उतरला तर बसल्या जागी ९५ दिसत असला तरी डॉक्टरकडे जायचं.

पुढच्या वेळी एखाद्या औषधाचं नाव कानावर आलं तर मला फोन करून चार गोष्टी विचारा. माणसांवर तपासलंय की बशीत? गट चिठ्ठी टाकून पाडले होते का? आजाराच्या कुठल्या टप्प्यातल्या रुग्णांवर? आणि मोजलं काय, मृत्यू आणि दाखल होणं, की नुसता रिपोर्ट? मला उत्तर येत नसेल तर मी 'माहीत नाही' म्हणेन. जो डॉक्टर तसं म्हणतो त्याच्याकडे थांबा. आणि मागच्या महिन्यात मी वेगळं सांगितलं असेल तर आता काय नवीन कळलं, हे बेधडक विचारा.

आईंबद्दल. त्यांची साखर आवरलेली असणं हे साथ नसतानाच करायचं काम आहे. तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, सातच्या आसपास ठेवा, वयामुळे थोडं वर असलं तरी चालेल, त्यांच्या डॉक्टरांशी बोला. घरात ग्लुकोमीटर आणि ऑक्सिमीटर दोन्ही ठेवा. लस त्यांच्या डॉक्टरांना विचारून वेळेवर. कोविड झालाच तर त्यांच्यासारख्यांना पहिल्या पाच दिवसांत सुरू करायच्या विषाणूविरोधी गोळ्या आता आहेत, पण त्या कोलेस्टेरॉलच्या आणि हृदयाच्या काही औषधांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांच्या रोजच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. ऑक्सिजन नीट असताना कोणी स्टिरॉइड लिहून दिलं तर का, ते विचारा. द्यावंच लागलं तर साखर दिवसातून चार वेळा मोजा.

तुमच्या वडिलांच्या फाईलमध्ये डेक्सामेथासोनच्या पहिल्या डोसची आणि ऑक्सिजन लावल्याची तारीख एकच आहे, २१ एप्रिल, तापाचा आठवा दिवस. त्या काळात उपलब्ध असलेल्या औषधांपैकी ज्याने जीव वाचण्याची शक्यता खरोखर वाढत होती, ते त्यांना बरोबर वेळेला मिळालं. त्यासाठी तुम्हाला कुठे फिरावं लागलं नाही म्हणून ते तुमच्या लक्षात राहिलं नाही. इतकं करूनही ऑक्सिजनवरच्या शंभरातले तेवीस जण जात होते, व्हेंटिलेटरवरच्या शंभरातले एकोणतीस.

आईंना कधी ताप आला, तर कुठलीही गोळी आणायच्या आधी भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या नोंदीशेजारी, त्या तारखेवर गोल करून ठेवा. फोन केलात की मी तीच पहिली विचारेन.